‘58’ आलं म्हणजे एमडी ठरलं का?

रसायनशास्त्रात एमएस्सी करणाऱ्या आणि न्यायसहायक प्रयोगशाळेतल्या नोकरीची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: पोलिसांनी एमडी म्हणून जप्त केलेली पांढरी पावडर खरोखर एमडीच आहे, हे प्रयोगशाळेत नेमकं कसं ठरतं? जीसी-एमएसमध्ये (मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं वस्तुमान तपासणाऱ्या यंत्रात) नमुना घातला की संगणक पदार्थाचं नावच दाखवतो, मग अहवालाला इतके दिवस का लागतात?

संगणक नाव दाखवतो, हे खरं आहे. पण तो फक्त आपल्या संग्रहातल्या वर्णपटांपैकी (पदार्थांच्या यंत्रावर उमटणाऱ्या रेघांच्या ठशांपैकी) सर्वांत जवळचा कोणता ते सांगतो. जप्त केलेला पदार्थ संग्रहात नसेल, तरी तो कुणाचं तरी नाव पुढे करतोच. प्रयोगशाळेतल्या आम्हा विश्लेषकांचं काम तिथून सुरू होतं. ‘हा पदार्थ मेफेड्रोन आहे’ असं लिहिण्याआधी ‘मेफेड्रोनसारखा दिसणारा दुसरा कोणताही पदार्थ हा नाही’ हे मला दाखवता आलं पाहिजे. वेळ जातो तो या दुसऱ्या भागात. माझ्या मते कृत्रिम अमली पदार्थांच्या ओळखीतलं खरं कौशल्यही तिथेच आहे.

आधी नावाचा गोंधळ मिटवू. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणजे मेफेड्रोन, रासायनिक नाव 4-मिथाइलमेथकॅथिनोन, थोडक्यात 4-एमएमसी. पार्ट्यांमध्ये विकली जाणारी एक्स्टसीची गोळी म्हणजे एमडीएमए. काही पंचनाम्यांत ही दोन्ही नावं एकमेकांच्या जागी लिहिलेली सापडतात. कायद्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मेफेड्रोनचं अल्प प्रमाण 2 ग्रॅम आणि व्यावसायिक प्रमाण 50 ग्रॅम, तर एमडीएमएचं अल्प प्रमाण अर्धा ग्रॅम आणि व्यावसायिक 10 ग्रॅम. व्यावसायिक प्रमाण ठरलं की किमान 10 वर्षांची सक्तमजुरी, आणि एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 37 मुळे जामीनही अतिशय अवघड. म्हणजे 20 ग्रॅम पावडर एमडीएमए निघाली तर एक शिक्षा आणि मेफेड्रोन निघाली तर वेगळी. तारीखही पाहावी लागते. मेफेड्रोन एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं ते फेब्रुवारी 2015 मध्ये. त्याआधी तीच पावडर, तितकीच घातक असूनही, या कायद्याच्या कक्षेत नव्हती.

नमुना आमच्याकडे येतो तो लाखेचं सील लावलेल्या पाकिटात, सोबत मागणीपत्र आणि नमुना सील. पहिलं काम रसायनशास्त्राचं नसतंच. सील शाबूत आहे का, ठसा जुळतो का, पाकिटावरचा मजकूर कागदपत्रांशी जुळतो का, भरलेलं वजन आणि सांगितलेलं वजन यांत तफावत आहे का, हे पाहून नोंद करायची. डिसेंबर 2022 मध्ये आलेल्या नियमांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर, दुहेरी काढले जातात. पावडरीच्या बाबतीत प्रत्येकी 5 ग्रॅम. त्याच नियमांनी प्रयोगशाळेला 15 दिवसांची मुदत दिली आहे. परिमाणात्मक तपासणीला जास्त वेळ लागणार असेल तर आधी गुणात्मक, म्हणजे पदार्थ कोणता एवढाच, निकाल पाठवायचा आणि पुढच्या 15 दिवसांत प्रमाण कळवायचं. कागदावर ही मुदत रास्त वाटते. प्रत्यक्षात एकाच गुन्ह्यात वेगवेगळ्या रंगपोताची पाकिटं येतात, आणि प्रत्येक पाकीट हा स्वतंत्र प्रश्न असतो.

मग रंगचाचण्या. फॉर्माल्डिहाइड आणि तीव्र गंधकाम्ल यांचं मार्क्विस अभिकर्मक एमडीएमएशी जांभळट काळा रंग देतं, अँफेटॅमिन व मेथॅम्फेटॅमिनशी नारिंगी ते तपकिरी. मेफेड्रोनशी मात्र जवळपास काहीच होत नाही, फार तर फिकट पिवळी छटा येते. मेफेड्रोन ज्या गटातलं आहे त्या कॅथिनोन गटासाठी झिमरमन अभिकर्मक जास्त उपयोगी, त्यात लालसर जांभळा रंग उमटतो. सायमनची चाचणी द्वितीयक अमाइनला (ज्यात नायट्रोजनला दोन कार्बन जोडलेले असतात) निळा रंग देते. या चाचण्या मला दिशा देतात, आणि मी त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवतो. मेफेड्रोनमध्ये थोडं एमडीएमए मिसळलेलं असलं तर मार्क्विसच्या थाळीत एमडीएमएचा गडद रंगच दिसेल आणि मेफेड्रोन त्याखाली झाकलं जाईल. छाप्याच्या जागी वापरल्या जाणाऱ्या किटमध्ये याच चाचण्या असतात. किटवर रंग आला म्हणून अटक होऊ शकते, पण त्या रंगावर दोष सिद्ध होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कोकेनसाठीच्या कोबाल्ट थायोसायनेट चाचणीत लिडोकेन आणि डायफेनहायड्रामिनही निळा रंग देऊन जातात, आणि लिडोकेन ही तर भेसळीची नेहमीची वस्तू आहे.

आता जीसी-एमएस. गॅस क्रोमॅटोग्राफीत मिश्रणातले घटक एकामागून एक वेगळे होतात आणि वस्तुमान वर्णपटमापकात प्रत्येक रेणूवर इलेक्ट्रॉनांचा मारा होऊन त्याचे तुकडे पडतात. मेफेड्रोनचा रेणू 177 वस्तुमानाचा. पण वर्णपटात 177 जेमतेम दिसतो. सर्वांत उंच रेघ असते 58 वर, त्यानंतर 119 आणि 91. नायट्रोजनला जोडलेल्या कार्बनचा पलीकडचा बंध सर्वांत सहज तुटतो आणि नायट्रोजन असलेला, 58 वस्तुमानाचा छोटा तुकडा स्थिर राहतो, म्हणून ही उंची.

अडचण अशी की हाच 58 मेथॅम्फेटॅमिनमध्ये सर्वांत उंच असतो. एमडीएमएमध्येही. एफेड्रिनमध्येही. भूक कमी करणाऱ्या फेंटरमिनमध्ये, वेदनाशामक ट्रॅमाडॉलमध्ये आणि सर्दी-ॲलर्जीच्या डायफेनहायड्रामिनमध्येही. एका आडनावाची माणसं गावभर असावीत तसा हा 58 आहे. त्याच्यावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही. बाकीच्या रेघा मदतीला येतात: एमडीएमएला 135, मेथॅम्फेटॅमिनला 91 आणि अस्पष्ट 134. पण फेंटरमिनलाही 58, 91 आणि 134 याच रेघा आहेत, कारण मेथॅम्फेटॅमिन आणि फेंटरमिन यांचं रेणुसूत्र एकच. तिथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. फेंटरमिन हे प्राथमिक अमाइन (नायट्रोजनला एकच कार्बन) असल्यामुळे सायमनच्या चाचणीत निळं होत नाही. आणि हेप्टाफ्लुओरोब्युटिरिक ॲनहायड्राइडने दोघांचं साधित केलं, तर मेथॅम्फेटॅमिनच्या वर्णपटात 254 सोबत 210 आणि 118 उठून दिसतात, फेंटरमिनच्या वर्णपटात 210 येत नाही. साधित करणं म्हणजे रेणूला मुद्दाम एक जड शेपूट जोडणं. मग तुकडे वेगळे पडतात आणि जुळ्यांमधला फरक उघड होतो.

मेफेड्रोनच्या बाबतीत प्रश्न याहून चिवट आहे. बेंझीनच्या कड्यावरचा मिथाइल गट चौथ्या स्थानी असला तर मेफेड्रोन, तिसऱ्या स्थानी असला तर 3-एमएमसी, दुसऱ्या स्थानी असला तर 2-एमएमसी. तिघांचं सूत्र एकच, वस्तुमान एकच, आणि इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली पडणारे तुकडेही जवळपास तेच: 58, 119, 91. संगणकाचा ‘जुळणी 95 टक्के’ हा आकडा तिघांसाठी एकसारखा येऊ शकतो. अनेक विद्यार्थ्यांना वाटतं की अतिशय अचूक वस्तुमान मोजणारं एलसी-क्यूटॉफ घेतलं की प्रश्न सुटेल. ते 178.1226 इतक्या बारकाईने प्रोटॉनयुक्त रेणू मोजेल, पण तिघांचा आकडा तोच येईल. दशांश स्थळं वाढवून मिथाइल गटाची जागा कळत नाही.

हा प्रश्न पुस्तकी नाही. युरोपात मेफेड्रोनवर बंदी आली तशी 3-एमएमसीची विक्री वाढली. संयुक्त राष्ट्रांच्या 1971 च्या करारात मेफेड्रोन 2015 मध्ये आलं आणि 3-एमएमसी 2023 मध्ये. मधल्या आठ वर्षांत ज्या देशांनी स्वतःच्या कायद्यात वेगळी तरतूद केली नव्हती, तिथे मिथाइल गट एक घर सरकवणं एवढ्यावर पदार्थ कायद्याबाहेर राहू शकत होता. याद्या नावांवर चालतात, म्हणून नाव अचूकच हवं.

इथे मला सर्वांत भरवशाचं साधन वाटतं ते इन्फ्रारेड, म्हणजे एफटीआयआर. चिमूटभर कोरडी पावडर यंत्राच्या स्फटिकावर (एटीआर) दाबायची, मिनिटाभरात वर्णपट हाती. कड्यावरच्या हायड्रोजनांचं प्रतलाबाहेर वाकणं 690 ते 860 (प्रति सेंटिमीटर तरंगसंख्या) या पट्ट्यात दिसतं, आणि ते जोडणीच्या स्थानानुसार बदलतं. चौथ्या स्थानी जोडणी असेल तर 800 ते 860 च्या दरम्यान शोषण. तिसऱ्या स्थानी असेल तर साधारण 690 ते 710 आणि 750 ते 810 अशी दोन. दुसऱ्या स्थानी असेल तर 735 ते 770 च्या आसपास. त्याखेरीज संपूर्ण ठशाचा पट्टा प्रमाण नमुन्याच्या, म्हणजे ओळख पक्की असलेल्या शुद्ध पदार्थाच्या, ठशावर ठेवून पाहायचा. एनएमआर (चुंबकक्षेत्रात रेणूतल्या हायड्रोजनांची मांडणी दाखवणारं यंत्र) उपलब्ध असेल तर काम आणखी सोपं: चौथ्या स्थानच्या जोडणीत कड्याचे चार हायड्रोजन दोन नेटक्या जोड्यांत दिसतात, तिसऱ्या स्थानच्या जोडणीत त्यांची गुंतागुंत होते. पण बहुतेक प्रयोगशाळांत रोजच्या रोज चालणारं यंत्र एफटीआयआरच आहे, आणि माझी तक्रार अशी की नवे विश्लेषक त्याला जुनाट समजून जीसी-एमएसकडे धावतात.

इन्फ्रारेडची एक मर्यादा मात्र लक्षात घ्यावी लागते: त्याला शुद्ध पदार्थ लागतो. रस्त्यावरची पावडर शुद्ध नसते. कॅफिन, पॅरासिटामॉल, लिडोकेन, साखर, अजिनोमोटो, काय वाटेल ते सापडतं. पावडरीत कॅफिन जास्त असेल तर वर्णपटात 1700 आणि 1655 जवळच्या त्याच्या रेघा बाकी सगळं झाकून टाकतात. मग वेगळं करणं आलं. पावडर सौम्य आम्लात विरघळवून क्लोरोफॉर्मने धुतली की कॅफिन क्लोरोफॉर्ममध्ये जातं, अमाइन आम्लातच राहतं. नंतर द्रावण अल्कधर्मी करून अमाइन काढून घ्यायचं. इथे घाई करावी लागते, कारण कॅथिनोन अल्कधर्मी द्रावणात टिकत नाहीत. काढलं की लगेच हायड्रोक्लोराइड क्षार बनवून कोरडं करायचं. संध्याकाळी काढून सकाळी पाहू, असं केलं की सकाळी निराळंच काही हाती लागतं.

उष्णतेचंही तसंच. जीसीच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये काही कॅथिनोन दोन हायड्रोजन गमावतात. वर्णपटात मूळ पदार्थाशेजारी 2 वस्तुमानाने हलका असा एक सोबती दिसतो, आणि माहिती नसलेला माणूस त्याला मिश्रणातला दुसरा पदार्थ समजतो. इंजेक्टरमधली काचेची नळी (लायनर) घाणेरडी असली की हे जास्त होतं. इंजेक्टरचं तापमान उतरवून पाहिलं आणि त्या सोबत्याचं प्रमाण घटलं, तर तो यंत्रात तयार झालेला आहे, पाकिटातून आलेला नाही, हे कळतं.

तर उत्तराचा गाभा असा. आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली, स्वगड्रग या तज्ज्ञगटाने आखलेली चौकट तंत्रांची तीन गटांत विभागणी करते. सर्वांत निर्णायक ‘अ’ गटात इन्फ्रारेड, वस्तुमान वर्णपट, एनएमआर, रामन. मधल्या ‘ब’ गटात क्रोमॅटोग्राफीची धारणवेळ (घटक बाहेर पडायला लागणारा वेळ), पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी वगैरे. ‘क’ गटात रंगचाचण्या. ‘अ’ गटातलं किमान एक आणि त्यासोबत वेगळ्या तत्त्वावर चालणारं किमान आणखी एक तंत्र हवं. दोन्ही निकाल शक्य तिथे नमुन्याच्या दोन वेगळ्या चिमटींवरून यावेत, म्हणजे बाटलीची अदलाबदल झाली असेल तर ती उघडी पडते. माझी स्वतःची अट याहून थोडी कडक आहे: निवडलेल्या तंत्रांपैकी एकाने तरी स्थानसमघटकांमध्ये, म्हणजे 2, 3 आणि 4-एमएमसीसारख्या फक्त जोडणीची जागा वेगळी असलेल्या रेणूंमध्ये, फरक केला पाहिजे. जीसी-एमएस आणि मार्क्विस मिळून चौकटीतली किमान संख्या भरेल, पण 3 आणि 4 मधला फरक दोघांनाही खात्रीने सांगता येणार नाही.

प्रमाण नमुना त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने, त्याच सुमारास चालवायचा. आणि प्रत्येक नमुन्याच्या आधी कोरा, म्हणजे नमुना न घातलेला, द्रावक. या कोऱ्या द्रावकाचं महत्त्व एप्रिल 2020 नंतर माझ्या दृष्टीने फारच वाढलं. हीरा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की अल्प किंवा व्यावसायिक प्रमाण मोजताना शुद्ध अमली पदार्थाचं नव्हे, भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. म्हणजे 60 ग्रॅम पावडरीत मेफेड्रोन दहा टक्के जरी असलं, तरी ते व्यावसायिक प्रमाण. याचा प्रयोगशाळेपुरता अर्थ पाहा: मेफेड्रोनची ‘उपस्थिती’ एकदा नोंदली की सगळं वजन त्याच्या खाती जमा होतं. आधीच्या नमुन्यातला अंश सिरिंजमध्ये उरला, तो पुढच्या नमुन्यात दिसला आणि कोरा द्रावक चालवलेलाच नव्हता, तर त्या अंशामुळे एखाद्याची दहा वर्षं तुरुंगात जाऊ शकतात. अगदी कमी उंचीची रेघ दिसली की मी नमुना पुन्हा नव्याने तोलून, नव्या बाटलीत करायला लावतो. त्यात एक दिवस जातो, तो जाऊ द्यावा.

कागदावरच्या एलएसडीचं (भास निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाचं) गणित याहून टोकाचं आहे. गोव्यातल्या पार्ट्यांशी जोडलेल्या गुन्ह्यांत हे चित्रांचे चौकोन नेहमी येतात. एलएसडीचं व्यावसायिक प्रमाण आहे 0.1 ग्रॅम. एका चौकोनावर एलएसडी असतं साधारण 50 ते 100 मायक्रोग्रॅम. नुसतं एलएसडी मोजलं तर 0.1 ग्रॅम भरायला 100 मायक्रोग्रॅमचे 1000 चौकोन लागतील. पण मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये कागदाचं वजनही धरायचं असा निर्णय दिला. एका चौकोनाचं वजन 15 मिलिग्रॅम धरलं तर सात चौकोनांतच व्यावसायिक प्रमाण ओलांडलं जातं. न्यायालयाचा निर्णय बरोबर की चूक हे ठरवणं माझं काम नाही. त्या सात चौकोनांवर एलएसडीच आहे हे सिद्ध करणं माझं काम आहे. आणि ते गृहीत धरता येत नाही, कारण एलएसडी म्हणून विकलेल्या कागदांवर जगभर 25आय-एनबीओएमई सापडलेलं आहे. तो पूर्णपणे निराळा पदार्थ आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. एर्लिखचं अभिकर्मक एलएसडीला जांभळा रंग देतं, एनबीओएमईला देत नाही. वस्तुमान वर्णपटात एलएसडीचा रेणू 323 वर दिसतो, एनबीओएमईत 121 सर्वांत उंच. एलएसडी उजेडात नासतं, म्हणून हे काम मंद प्रकाशात, तपकिरी काचेच्या बाटल्यांत. सगळा कागद एकाच वेळी द्रावकात बुडवू नये. काही चौकोन मूळ स्थितीत राखून ठेवावेत, कारण बचाव पक्षाला फेरतपासणी मागता आली पाहिजे.

कारखान्यावर छापा पडतो तेव्हा काम आणखी बदलतं. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मेफेड्रोनचा कारखाना उघड केला, त्याआधी ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी. अशा ठिकाणाहून पावडरीसोबत पिंपांतले द्रव, गाळ, अर्धवट झालेली अभिक्रिया असं सगळं येतं. तिथे तयार माल किती आणि मधल्या टप्प्याचं रसायन किती हे वेगळं सांगावं लागतं, कारण कायद्यात दोघांची कलमं वेगळी. एफेड्रिन हे याचं नेमकं उदाहरण: ते नियंत्रित पदार्थ आहे, त्याला कलम 9-अ आणि 25-अ लागू होतात. त्यापासून बनणारं मेथॅम्फेटॅमिन मात्र मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत. सोलापूरजवळच्या कारखान्यातून 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मोठा साठा पकडला होता तो एफेड्रिनचा. दोघांच्याही वर्णपटात सर्वांत उंच रेघ कुठे असते, हे वर आलंच आहे.

रक्त, लघवी, व्हिसेरा यांच्या तपासणीबद्दल इथे फार लिहीत नाही, तो विषविज्ञान विभागाचा वेगळा विषय आहे. एवढं सांगतो, की लघवीतल्या अँफेटॅमिनच्या झटपट पट्टीवर मेफेड्रोन सहसा दिसत नाही. पट्टी कोरी आली म्हणजे माणसाने काही घेतलं नव्हतं, असा निष्कर्ष काढू नये.

जो पदार्थ पूर्वी पाहिलेलाच नाही त्याचं काय, असंही तुम्ही पुढे विचाराल. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाकडे जगभरातून 1,200 पेक्षा जास्त नव्या मनोसक्रिय पदार्थांची नोंद झाली आहे. एवढे सगळे प्रमाण नमुने कुठल्याच प्रयोगशाळेच्या कपाटात नसतात. अशा वेळी तुकड्यांवरून रेणू मांडत जावं लागतं. समजा 58 आहे, पण 119 च्या जागी 139 आणि 141 अशा दोन रेघा तीनास एक या उंचीने आल्या, तर क्लोरिन आहे हे नक्की, आणि मिथाइलच्या जागी क्लोरो आलेला कॅथिनोन डोळ्यांसमोर उभा राहतो. पण क्लोरिन कोणत्या स्थानी, हे प्रमाण नमुना, इन्फ्रारेड किंवा एनएमआर हाती येईपर्यंत लिहायचं नाही. अहवालात ‘क्लोरोमेथकॅथिनोन, स्थान निश्चित केलेलं नाही’ असं स्वच्छ लिहावं. तपास अधिकाऱ्याला हे वाक्य आवडत नाही, फोन येतात. वाक्य तरीही बदलू नये. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल साक्षीला न जाताही पुराव्यात वाचला जातो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 293 खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 खाली. त्या कागदाची उलटतपासणी अनेकदा होतच नाही, म्हणून जे काही म्हणायचं ते त्या कागदावरच पूर्ण असावं लागतं.

परीक्षेसाठी विचारत असाल तर वर उल्लेखलेल्या सहा-सात पदार्थांचे वर्णपट समोर घ्या आणि प्रत्येक मोठी रेघ कोणत्या तुकड्याची, हे हाताने काढून पाहा. मग 2, 3 आणि 4-एमएमसीचे इन्फ्रारेड वर्णपट एकाखाली एक छापून 690 ते 860 हा पट्टा पेन्सिलीने खुणा करत वाचा. मुलाखतीत बहुधा यंत्राचं नाव विचारतील. तुम्ही यंत्राचं नाव सांगून थांबू नका, ते यंत्र कोणत्या दोन पदार्थांमध्ये फरक करू शकत नाही तेही सांगा.